नळाला जोर किती असावा?

सोसायटीची मासिक सभा. विषयपत्रिकेवर रंगकाम, वाहने उभी करण्याची जागा आणि सर्वांत शेवटी 'आयत्या वेळचे विषय'. सभेला खरा रंग चढतो तो या शेवटच्या विषयावर. चौदाव्या मजल्यावरचे काका उठून म्हणतात, "हौसेने शॉवर बसवला, पण अंघोळ अजून तांब्यानेच. चार थेंब इकडे, चार थेंब तिकडे!"

त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उसळतात. "काका, तुमच्याकडे पाणी येत नाही आणि आमच्याकडे ते आवरत नाही. परवा रात्री बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटला. सकाळी उठून पाहतो तर हॉलभर पाणी. पलंगाखाली मुलीची दहावीची पुस्तके होती, त्यांचा लगदा झाला. वर्षभरात हा तिसरा पाइप."

मग सूचनांचा पाऊस. सेक्रेटरींना गच्चीवर दुप्पट मोठी टाकी हवी असते. कोणी म्हणते, शाफ्टमध्ये तो पीआरव्ही आहे ना, त्याचा स्क्रू थोडा सैल करा म्हणजे वर पाणी चढेल. प्लंबर म्हणतो, सगळेच बदलून टाकू. सभा संपते, चहा होतो आणि पाण्याचा प्रश्न पुढच्या सभेवर जातो.

अशा इमारती आज ठाण्यात आहेत, तशाच इंदुरात आणि बडोद्यातही. बैठी घरे आणि वाडे जाऊन माणसे उंचावर राहायला लागली, पण पाण्याच्या दाबाचा हिशेब कोणी समजावून सांगितला नाही. तो अवघड नाही. चौथीच्या मुलालाही जमेल.

पाणी दहा मीटर उंचीवर असेल, तर खाली त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो पडतो. प्लंबर त्यालाच 'एक किलो प्रेशर' म्हणतात. उपकरणांवर 'बार' असे लिहिलेले असते. घरगुती हिशेबाला बार आणि किलो एकच धरायला हरकत नाही. एक मजला म्हणजे सुमारे तीन मीटर, म्हणजे ०.३ किलो. आता या चौदा मजली इमारतीकडे पाहू. गच्चीवर दीड मीटरच्या ओट्यावर टाकी. चौदाव्या मजल्याचा शॉवर टाकीच्या तळापासून जेमतेम अडीच मीटर खाली, म्हणून त्याच्या वाट्याला सुमारे पाव किलो दाब. दुसरा मजला त्याच्या बारा मजले खाली. म्हणजे आणखी छत्तीस मीटर. तिथे दाब पावणेचार किलोंच्या पुढे जातो. एकाच टाकीचे पाणी, पण दाबात जवळजवळ सोळा पटींचा फरक! दाब सोळा पट झाला म्हणून पाणी मात्र सोळा पट येत नाही. नळ सारखाच असेल तर ते चौपट येते. बाकीचा सगळा जोर वॉशर, सांधे आणि पाइपांवर पडतो.

यात टाकीच्या आकाराचा काही संबंध नाही, हे सेक्रेटरींना पटवणे सर्वांत कठीण. टाकी पाच हजार लिटरची असो की पन्नास हजारांची, दाब ठरतो तो पाण्याच्या उंचीवर. ब्लेझ पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात द्रवांच्या दाबाचे नियम मांडले, तेव्हापासून हे माहीत आहे. मोठ्या टाकीने पाणी जास्त वेळ पुरेल, जोराने येणार नाही. तीच टाकी आणखी दोन मीटर उंच ओट्यावर नेली, तर मात्र चौदाव्या मजल्याचा दाब पाव किलोवरून जवळजवळ दुप्पट होईल. अर्थात भरलेल्या टाकीचे वजन टनांत मोजावे लागते. तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय असा बेत कोणी करू नये.

आता तो पीआरव्ही. पूर्ण नाव प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह. कोणी त्याला रेग्युलेटरही म्हणतात, आणि ते नाव गृहिणींना जास्त जवळचे, कारण गॅसच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर याच तत्त्वावर चालतो. आत रबराचा एक पडदा असतो. वरून स्प्रिंग त्याला खाली ढकलते आणि पाण्याची वाट उघडी ठेवते. खालच्या बाजूचे पाणी त्याच पडद्याला वर ढकलते. खालचा दाब वाढला की पडदा वर जातो आणि वाट अरुंद होते. नळ उघडून दाब उतरला की स्प्रिंग वाट पुन्हा मोकळी करते. डोक्यावरचा स्क्रू आवळला की स्प्रिंग जास्त दाबली जाते आणि पुढचा दाब वाढतो. सैल केला की कमी होतो. सारे काम एवढेच.

म्हणजे हा व्हॉल्व्ह दाब कमी करू शकतो, निर्माण करू शकत नाही. या इमारतीत तो सातव्या मजल्याच्या शाफ्टमध्ये आहे आणि त्याखालच्या मजल्यांनाच पाणी देतो. चौदाव्या मजल्याची लाइन त्याच्यातून जातच नाही. त्याचा स्क्रू कितीही फिरवला तरी काकांचा शॉवर होता तसाच राहणार. खाली मात्र भलतेच होईल. व्हॉल्व्ह एक किलोवर लावला आहे. तिथून खाली उतरताना पाण्याचा दाब पुन्हा मजल्यामागे ०.३ किलोने वाढतो, म्हणून दुसऱ्या मजल्यावर तो अडीच किलो होतो. घरातल्या नळांना दोन ते तीन किलो दाब चांगला मानवतो, तेव्हा हे ठीकच. पण कोणी स्क्रू पूर्ण आवळला, तर व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. सामाईक लाइनवरच्या पीआरव्हीला कोणी एकट्याने हात लावू नये तो यासाठी. आपल्या घरातला शॉवर थोडा जोरात यावा म्हणून फिरवलेल्या स्क्रूने खालच्या घरातला पाइप फुटतो, आणि फिरवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

पण वहिनींकडे पाइप फुटला तो स्क्रू कोणी फिरवल्यामुळे का? हे सांगायला हवे एक स्वस्त साधन, ते म्हणजे प्रेशर गेज. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. शून्य ते सात किंवा दहा किलोचे पुरते, आणि वॉशिंग मशिनच्या नळावर चढेल असा रिड्यूसर सोबत घ्यावा. नळावर बसवायचे, टेफ्लॉन टेप गुंडाळायची, नळ उघडायचा आणि काटा वाचायचा. सोसायटीने असे एक गेज कार्यालयात ठेवले, तर निम्मी भांडणे होणार नाहीत. आश्चर्य असे, की व्हॉल्व्ह बदलायला हजारो रुपये मंजूर होतात आणि गेज घ्यायचे कोणाला सुचत नाही.

वाचन मात्र दोन वेळा घ्यावे लागते. एकदा वापराच्या वेळी, संध्याकाळी सात-आठला, आणि एकदा मध्यरात्रीनंतर, सगळे नळ बंद असताना. दुसऱ्या कामाला घरातले आजोबा योग्य. त्यांना रात्री एकदा उठावेच लागते. वहिनींच्या सासऱ्यांनी हे काम आनंदाने पत्करले. संध्याकाळी काटा अडीचवर होता, अगदी हिशेबाप्रमाणे. रात्री दोन वाजता तो ३.८ वर पोचला होता.

सगळे यात आले. कोणी स्क्रू आवळला असता तर संध्याकाळीही काटा चढा दिसला असता. संध्याकाळी ठीक आणि रात्री वर, याचा अर्थ व्हॉल्व्हची वाट पूर्ण मिटत नाही. आतल्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, गंजाचा कण किंवा क्षाराची खपली बसली असेल, नाहीतर रबर झिजले असेल. दिवसा कुठला ना कुठला नळ चालू असतो, त्यामुळे झिरपणारे पाणी निघून जाते. रात्री ते साठत जाते आणि हळूहळू टाकीचा पूर्ण दाब खाली उतरतो. जुना, कडक झालेला पाइप मग सगळे झोपलेले असताना फुटतो. वहिनींचे तीनही पाइप रात्रीच फुटले होते. पण ते कोणी विचारले नव्हते, आणि प्लंबर दरवेळी फक्त पाइप बदलून जात होता.

गेज नसले तरी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. सकाळी उठून पहिला नळ उघडताच पाणी फाडकन उडत असेल आणि दोन सेकंदांत नेहमीसारखे होत असेल, तर व्हॉल्व्ह रात्री झिरपतो आहे. अशा वेळी स्क्रू सैल करून काही साधत नाही. दिवसाचा जोर तेवढा कमी होतो, रात्री दाब चढायचा तो चढतोच. व्हॉल्व्ह उघडून सीट साफ करायला हवी, आणि तरी सुधारला नाही तर आतला रबरी संच बदलायला हवा. चांगल्या बनावटीच्या व्हॉल्व्हचा संच वेगळा मिळतो. पूर्ण व्हॉल्व्ह टाकून द्यावा लागत नाही.

याच्या अगदी उलट तक्रार, आणि ती जास्त घरांत असते: नळ उघडताच पाणी जोरात येते, मग लगेच धार बारीक होते. दोन नळ एकदम उघडले तर एक रडतो. इथे दाब आहे, पण वाट चोंदलेली आहे. पीआरव्हीच्या आत किंवा त्याच्या आधी बारीक जाळी असते, तिच्यात गाळ अडकतो. टँकरचे किंवा बोअरचे पाणी, जुने जी.आय. पाइप यांनी ती लवकर भरते. टाकी धुतल्यावर तळाचा ढवळलेला गाळ तर थेट तिच्यातच येऊन बसतो. 'टाकी साफ केली आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी कमी झाले' ही तक्रार त्यामुळे बहुतेक वेळा खरी असते. जाळी धुणे सोपे आहे. आधीचा कॉक बंद करावा, पुढचा एक नळ उघडून दाब उतरू द्यावा, खाली बादली धरावी आणि जाळीची टोपी पान्ह्याने सावकाश फिरवावी. जुन्या टूथब्रशने जाळी घासावी. क्षार असेल तर तासभर व्हिनेगरमध्ये ठेवावी. टोपीचा वॉशर हरवू नये. तो हरवला की रविवारी दुकान बंद असते, असा अनुभव आहे.

मात्र जाळीपर्यंत जाण्याआधी घरातल्या घरात शोध घ्यावा. सगळ्याच नळांना पाणी कमी आहे का? मग मुख्य कॉक, जाळी किंवा पीआरव्ही. आधी मुख्य कॉक पाहावा. दुरुस्तीनंतर तो अर्धाच उघडा राहिल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतील. एकाच नळाला कमी? मग त्या नळाच्या तोंडाशी फिरकीने बसवलेली जाळी किंवा भिंतीतला अँगल कॉक. ती जाळी हाताने निघते, धुवून परत बसते. गार पाणी ठीक आणि गरमच कमी, तर गीझरच्या आत येणारी वाट किंवा आतला क्षार. वॉशिंग मशीन भरायला फार वेळ घेत असेल, तर तिच्या पाइपच्या टोकालाही एक चिमुकली जाळी असते. तिची आठवण दुरुस्तीवाल्याशिवाय कोणाला होत नाही. आणि नळ खोकल्यासारखा थुंकत असेल, तर पाइपात हवा अडकली आहे. सगळ्यांत खालचा नळ बराच वेळ मोकळा सोडला की ती बहुधा निघून जाते. त्यात पीआरव्हीचा दोष नाही.

धार किती, हे सांगायला बादली पुरते. दहा लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल तर नळाला नाव ठेवायला जागा नाही. तीन-चार मिनिटे लागत असतील तर शोध घ्यावा. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला, तर पुढच्या वर्षी 'पूर्वी जास्त यायचे' या वादात उपयोगी पडतो.

व्हॉल्व्हच्या डोक्यावर, स्क्रूजवळच्या छिद्रातून किंवा टोपणातून पाणी गळत असेल, तर आतला पडदा फाटला आहे. तिथे एम-सील लावून गळती थांबवू नये, पडदा बदलावा. व्हॉल्व्ह नवा बसवताच पाणी नीट येईना, तर अंगावरचा बाण पाहावा. बाण पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने हवा. उलटा बसलेला व्हॉल्व्ह काम करत नाही, आणि घाईच्या कामात तो उलटा बसतोही. गुणगुणण्याचा किंवा थरथरण्याचा आवाज असेल तर आतला भाग सैल झालेला असतो किंवा व्हॉल्व्ह गरजेपेक्षा मोठा निवडलेला असतो. मशीन पाणी घेणे थांबवते त्या क्षणी भिंतीत 'धप्' होते, ते वेगळे. वेगाने येणारे पाणी एकदम अडले की पाइपला धक्का बसतो. पाइपचे क्लॅम्प पक्के करावेत. दाब आवरला की हा धक्काही सौम्य होतो.

प्युरिफायरचीही एक गोष्ट आहे. त्याच्या पुस्तिकेत पाण्याचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब दिलेला असतो. खालच्या मजल्यांवर दाब जास्त असेल, तर त्याच्या आधी छोटा रेग्युलेटर बसवून मिळतो. स्वयंपाकघरातली बारीक नळी रात्री निसटली, तर ती पहाटेपर्यंत किती पाणी ओतेल, हे वहिनींना विचारावे.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची तक्रार वेगळीच होती. गीझर लावला की त्याच्या खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते. त्यांनीही पीआरव्हीलाच दोष दिला. प्लंबर म्हणाला, "आजी, बूच मारून देतो, एक थेंब पडणार नाही."

इथे मात्र थांबायला हवे. पाणी तापले की फुगते. पंचवीस लिटरच्या गीझरमधले पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर नेले, तर ते जवळपास चारशे मिलिलिटरने वाढते, म्हणजे दोन पेले. गार पाण्याच्या वाटेवर उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे त्याला मागे जायला जागा नाही. ते सुरक्षा व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर पडते, आणि तसेच पडायला हवे. त्याला बूच मारणे म्हणजे शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही बांधून कुकर गॅसवर ठेवणे. थर्मोस्टॅट त्याच दिवशी बिघडला तर गीझरची टाकी फुटू शकते, आणि तेव्हा कोणी खाली अंघोळ करत असते. त्या व्हॉल्व्हला बारीक नळी जोडून ती मोरीत सोडावी, तिचे तोंड उघडे ठेवावे. गीझर बंद असतानाही रात्रंदिवस ठिबकत असेल तर गोष्ट निराळी. मग त्या व्हॉल्व्हमध्ये क्षार बसलेला असतो किंवा घरातला दाब त्याला झेपत नाही. तो साफ करून घ्यावा किंवा बदलावा, आणि गीझरच्या पट्टीवर लिहिलेला कमाल दाब गेजच्या आकड्याशी ताडून पाहावा. उंच इमारतीच्या खालच्या मजल्यासाठी गीझर घेताना हा आकडा दुकानातच विचारावा. रंग नंतर निवडता येतो.

राहिले चौदाव्या मजल्याचे काका. त्यांच्यासाठी पाव किलोत चालणारा, मोठ्या छिद्रांचा साधा शॉवर हा पहिला उपाय, आणि सर्वांत स्वस्त. नव्या तऱ्हेचे बारीक छिद्रांचे शॉवर आणि भिंतीतले मिक्सर जास्त दाब मागतात; दुकानात ते जोरात चालतात कारण तिथे मागे पंप असतो. दुसरा उपाय म्हणजे वरच्या दोन-तीन मजल्यांच्या लाइनवर गच्चीत प्रेशर पंप. नळ उघडला की तो आपोआप सुरू होतो, बंद केला की थांबतो. पण तो टाकीनंतरच्या लाइनवरच बसवावा. पालिकेच्या नळाला थेट पंप जोडणे बहुतेक गावांत नियमाविरुद्ध आहे. शिवाय तो पंप शेजाऱ्यांचे पाणी तर ओढतोच, पण पाइप जिथे फुटलेला असेल तिथली घाणही आत खेचतो.

सोसायटीच्या पुढच्या सभेत गेजचे दोन्ही आकडे वाचून दाखवण्यात आले. मोठ्या टाकीचा ठराव बारगळला. पीआरव्हीची सीट साफ झाली, रबरी संच बदलला आणि शाफ्टच्या दाराला कुलूप लागले, किल्ली सेक्रेटरींकडे. आजोबांनी पुन्हा रात्री दोनला काटा पाहिला, तो अडीचच्या किंचित वर होता. वहिनींनी तरीही घरातले सगळे कनेक्शन पाइप बदलून वेणीदार स्टीलचे घेतले, आणि गावाला जाताना मुख्य कॉक बंद करायची सवय लावून घेतली. काकांच्या पंपाचा खर्च वरच्या तीन मजल्यांनी करायचा की सगळ्यांनी, यावर मात्र चहा थंड होईपर्यंत चर्चा झाली. विषय पुढच्या सभेवर गेला आहे.